मोडल्या घराचे लाकूड आणि जोडधंद्याचा धर्म

एकाचे घर मोडते, त्यातले लाकूड दुसऱ्याच्या हाती येते, आणि तो दुसरा त्यातून बाक, फडताळ, चौरंग किंवा देवघर घडवून पगारापलीकडे चार पैसे मिळवतो, या वरवर साध्या दिसणाऱ्या व्यवहारात धर्मविचाराचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न द्रव्याचा आहे: जी वस्तू एकदा वापरून झाली, जिने परक्या कुटुंबाचे जन्म-मृत्यू पाहिले, ती नव्या कामाला, आणि विशेषतः पूजेच्या कामाला, योग्य ठरते काय? दुसरा प्रश्न मिळकतीचा आहे: जे झाड आपण लावले नाही आणि जे घर आपण बांधले नाही, त्याच्या अवशेषांवर नफा मिळवण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो? पहिल्या प्रश्नाची चर्चा वास्तुशास्त्राच्या आणि शुभाशुभाच्या भाषेत वारंवार होते, दुसऱ्याची जवळजवळ होत नाही. वास्तविक धर्मदृष्ट्या दुसरा प्रश्नच अधिक कठीण आहे, आणि तो सुटला तर पहिल्याचे उत्तर बरेचसे आपोआप हाती येते, असे येथे दाखवायचे आहे.

या विचाराला रायपूर हे शहर विशेष अनुकूल आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ साली छत्तीसगढात उतरली, बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. या स्थित्यंतरांच्या मागोमाग कारभारी, पुरोहित, वकील, शिक्षक आणि पुढे सरकारी नोकर म्हणून आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा अशा जुन्या वस्त्यांतून स्थिरावली. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झाल्यापासून या वस्त्यांवर जागेच्या किमतीचा आणि रहदारीचा दाब वाढत गेला. शारदा चौक ते तात्यापारा चौक हा रस्ता रुंद करण्याचा प्रश्न तर अनेक वर्षे शहराच्या चर्चेत राहिलेला आहे. जुने घर उतरवले जाते तेव्हा खापरी कौलांखालून जे निघते, ते म्हणजे सागवानाच्या चौकटी आणि दारे, सालाच्या तुळया आणि खांब, बिबळ्याच्या आणि शिवणीच्या फळ्या. साल, ज्याला छत्तीसगढीत सरई म्हणतात, हा या राज्याचा राज्यवृक्ष आहे. त्याचे लाकूड जड, चिवट आणि वाळवीला दाद न देणारे असते, परंतु ओले असताना ते फार सावकाश सुकते आणि सुकताना तडकते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली राहून जी तुळई तडकायची तेवढी तडकून स्थिर झाली आहे, तिला कारागीर नव्या सालापेक्षा अधिक विश्वासाची मानतो. याखेरीज उरला आणि सिलतरा येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांबरोबर येणारी लाकडी खोकी व पॅलेट, म्हणजे माल उचलण्यासाठी खाली घालायच्या चौकटी, यांचा एक स्वतंत्र स्रोत आहे. आणि १९०० साली सुरू झालेल्या रायपूर–धमतरी या अरुंद मापाच्या लोहमार्गाच्या काळाची आठवण देणारे लाकडी स्लीपरही जुन्या सामानाच्या व्यवहारात पूर्वी येत असत. फाफाडीह आणि भनपुरी या भागांत लाकडाच्या टाली आणि आरामशिनी आहेतच. त्यामुळे ज्याच्या घरी रंधा, पटाशी, गुण्या आणि थोडी मोकळी ओसरी आहे, अशा नोकरदारालाही संध्याकाळच्या आणि रविवारच्या वेळात हा जोडधंदा करता येतो.

या लाकडाकडे परंपरेने कोणत्या नजरेने पाहिले, हे प्रथम पाहिले पाहिजे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातील त्या ज्ञानकोशवजा ग्रंथात, वनसंप्रवेश नावाचे एक प्रकरण आहे. मूर्तीसाठी झाड निवडायला वनात कसे शिरावे याचा विधी त्यात सांगितला असून स्मशानातील, देवळाजवळील, वारुळावरील, वीज पडलेले किंवा वादळाने मोडलेले झाड वर्ज्य ठरवले आहे, आणि झाड तोडण्यापूर्वी त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांनी दुसरीकडे जावे अशी रात्री पूजा करून विनंती करावयास सांगितले आहे. या विधीमागची कल्पना अशी की लाकूड हे रिकामे द्रव्य नसून कोणाचे तरी निवासस्थान असते, आणि निवासी माणूस असो वा अदृश्य जीव, त्याला न विचारता हलवणे हा अपराध होय. उत्तरकालीन वास्तुग्रंथांत आणि लोकाचारात जुन्या घराचे लाकूड नव्या घरात घालू नये असा जो निषेध आढळतो, तो याच कल्पनेचा विस्तार आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु वराहमिहिराच्या विधीतील विनंती लक्षात घेतली तर त्या निषेधाचे मूळ भीतीत जितके आहे तितकेच पूर्वीच्या रहिवाशाविषयीच्या संकोचात आहे, आणि हा संकोच जपून ठेवण्यासारखा आहे.

तथापि हा दोष नेमका कोठे राहतो, असा प्रश्न न्यायशास्त्राच्या भाषेत विचारला तर निषेधाची व्याप्ती बरीच आटोपते. नैयायिक आणि वैशेषिक यांच्या मते अनेक अवयव विशिष्ट रीतीने जोडले गेले म्हणजे त्यांच्याहून वेगळी अशी एक नवी वस्तू उत्पन्न होते, तिला अवयवी म्हणतात. तो जोड, म्हणजे संयोग, सुटला की अवयवी नष्ट होतो आणि अवयव तेवढे उरतात. घर हे अवयवी, तुळई हा अवयव. एखाद्या घरात अकाली मृत्यू झाले, भाऊबंदकी झाली, दारिद्र्य आले, तर ही दुःखे त्या घराची, म्हणजे त्या जोडलेल्या संपूर्ण व्यवस्थेची होती. चौकट खाचेतून आणि कुसातून सुटून वेगळी झाली त्या क्षणी तो अवयवी संपला, आणि संपलेल्या वस्तूचा गुण तिच्या तुकड्याला चिकटून राहतो असे मानायला या शास्त्रात आधार नाही. मात्र अवयवाचे स्वतःचे जे गुण असतात ते नव्या अवयवीत उतरतात, जसा धाग्याचा रंग कापडात उतरतो, हेही त्याच शास्त्राचे मत आहे. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे: जुन्या लाकडात ज्या दोषाची खरी भीती बाळगायची तो त्या लाकडातच असलेला दोष होय, म्हणजे किडीचा, विषारी लेपाचा, आतल्या खिळ्याचा; ज्या दोषाविषयी लोक कुजबुजतात, तो घराबरोबर संपलेला असतो.

पूजेतील वस्तूंविषयी परंपरेने हीच वाट विधीच्या रूपाने मोकळी केली आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या, म्हणजे जीर्ण मूर्ती व मंदिरे यांच्या पुनःस्थापनेच्या, प्रकरणात लाकडी मूर्ती जीर्ण झाल्यास ती अग्नीत जाळावी आणि पाषाणाची पाण्यात सोडावी असे सांगितले आहे. मूर्तीतील देवत्वाचे विसर्जन आधी करायचे आणि मग उरलेल्या द्रव्याची व्यवस्था लावायची, हा त्यामागचा क्रम. ज्या समाजात दरवर्षी गणपतीची उत्तरपूजा करून मूर्ती पाण्यात सोडतात, त्याला हा क्रम समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारच्या ओडिशात, आणि छत्तीसगढातील जगन्नाथभक्तांच्या दृष्टीने तर अगदी घरच्यासारखे, पुरीचे उदाहरण आहे. तेथे रथयात्रेचे तीनही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बांधतात, आणि यात्रा संपल्यावर ते उतरवून त्यांतील पुष्कळसे लाकूड देवळाच्या स्वयंपाकघरात महाप्रसाद शिजवण्यासाठी जळणाला जाते. म्हणजे देवाने ज्यावर बसून प्रवास केला ते लाकूडदेखील काम संपल्यावर दुसऱ्या कामाला लावणे हे अपवित्र मानलेले नाही. बस्तरच्या दसऱ्यातही रथाचे काम सुरू होण्यापूर्वी, हरेली अमावस्येला, पाटजात्रा नावाचा विधी होतो आणि रथासाठी आणलेल्या लाकडाचीच पूजा होते. लाकूड वस्तू होण्याआधीही पूज्य आहे, आणि वस्तू मोडल्यावरही कामाचे आहे.

परंतु या विषयावरचा सर्वांत प्राचीन आणि सर्वांत धीट विचार ऋग्वेदातील ऋभूंच्या कथेत आहे, आणि तो मराठी वाचकाच्या फारसा परिचयाचा नाही, म्हणून त्यावर थोडे थांबणे उचित होईल. ऋभू हे तिघे भाऊ, ऋभु, विभ्वा आणि वाज, जन्माने देव नव्हते; ते मर्त्य कारागीर होते आणि हातच्या कौशल्याने त्यांना अमरत्व व सोमाचा वाटा मिळाला. त्यांच्या नावावर ज्या करामती सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक नवनिर्मितीच्या नसून पुनर्निर्मितीच्या आहेत: वृद्ध झालेल्या आईबापांना त्यांनी पुन्हा तरुण केले, कातड्यापासून गाय उभी केली, आणि त्वष्टा या देवशिल्प्याने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमपानाच्या लाकडी पात्राचे, चार चमस केले. पहिल्या मंडलातील एका सूक्तात या शेवटच्या कृतीवरून वाद उभा राहिलेला दिसतो. देवांच्या पिण्याच्या पात्राचा यांनी अवमान केला, यांना मारावे, असे त्वष्टा म्हणतो. ऋभूंची बाजू अशी की थोर कुळातल्या त्या चमसाला त्यांनी नावे ठेवली नाहीत, ते केवळ त्याच्या लाकडाच्या चांगुलपणाविषयी बोलत होते. पवित्र वस्तूला हात लावून तिची दुसरी वस्तू करणे हा अवमान की सन्मान, हा आजचा प्रश्न तेथे जवळजवळ आजच्याच शब्दांत मांडलेला आहे, आणि वेदाने निकाल कारागिरांच्या बाजूने दिला आहे. त्यातील एक सूक्ष्म गोष्ट अशी की ऋभूंनी देवांच्या सांगण्यावरून हे काम केले होते आणि एकाचे चार झाल्याने पिणाऱ्यांची सोय वाढली होती. स्वतःच्या संग्रहासाठी त्यांनी ते पात्र फोडले नव्हते.

द्रव्याचा प्रश्न एवढ्याने बराचसा निकाली निघतो, आणि मिळकतीचा प्रश्न समोर येतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेच्या प्रकारांची एक उतरंड दिली आहे. शेतात कापणीनंतर पडून राहिलेले दाणे आणि कणसे वेचून जगणे, ज्याला उंछ आणि शिल म्हणतात, त्याला तेथे ऋत हे सर्वोच्च नाव दिले आहे. न मागता मिळालेले ते अमृत, मागून मिळालेले ते मृत, शेतीने मिळवलेले ते प्रमृत, आणि व्यापार हा सत्यानृत, म्हणजे सत्य आणि असत्य यांचे मिश्रण. महाभारताच्या शांतिपर्वाचा शेवट उंछवृत्तीच्या आख्यानाने होतो, आणि आश्वमेधिक पर्वातील ज्या मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले ते कुरुक्षेत्रावर दाणे वेचून जगणाऱ्या एका कुटुंबाच्या दानामुळे. कोणी टाकलेले, कोणाच्या उपयोगाचे न राहिलेले वेचून त्यावर जगणे हे परंपरेने इतके थोर मानले, याचे कारण उघड आहे: वेचणाऱ्यामुळे कोणाचे काही कमी होत नाही. पडक्या घराच्या ढिगातून फळी उचलणारा माणूस या दृष्टीने वेचणाऱ्याच्या जातीचा ठरतो. पण तो ती फळी घासून, जोडून, रंगवून विकतो तेव्हा तो त्याच क्षणी सर्वोच्च पायरीवरून सत्यानृताच्या पायरीवर येतो. एकाच वस्तूत ऋत आणि सत्यानृत एकत्र नांदतात, आणि वेचण्याचे पुण्य विकण्याच्या कामी लावले जाण्याचा धोका तेथे उत्पन्न होतो. मनूच्या या उतरंडीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या अध्यायात वेचणाऱ्याचा असा गौरव आहे, त्याच अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये त्यांच्या यादीत चोर आणि व्याजखाऊ यांच्या शेजारी सुताराला बसवले आहे. ऋभूंना देव करणाऱ्या परंपरेची ही अधोगती आहे, आणि हाताने काम करणाऱ्याविषयीचा हा तुच्छभाव समर्थनीय नाही. सुतारकामाच्या नीतीचा विचार करताना मनूच्या वर्गीकरणाचा उपयोग करावा, त्याच्या मूल्यांकनाचा करू नये.

वेचणे आणि विकणे यांच्या मधली सीमा कोठे आखावी, याचे सर्वांत उपयुक्त साधन पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, सापडते. जैमिनीच्या सूत्रांचा चौथा अध्याय कोणत्या गोष्टीमुळे कोणते कर्म घडवून आणले जाते या प्रश्नाला वाहिलेला आहे. जिच्यामुळे कर्म केले जाते तिला प्रयोजक म्हणतात, आणि जी त्या कर्मातून अनायासे निपजते पण जिच्यासाठी ते कर्म केलेले नसते ती अप्रयोजक. याचे प्रसिद्ध उदाहरण आमिक्षेचे आहे. तापलेल्या दुधात दही घातले की घट्ट भाग वेगळा होतो, ती आमिक्षा, आणि पातळ पाणी उरते ते वाजिन. दोन्हींची आहुती सांगितलेली आहे, तरी दुधात दही घालण्याचे कर्म आमिक्षेसाठी आहे, वाजिनासाठी नाही. त्याचा व्यावहारिक परिणाम असा की वाजिन सांडले तर केवळ त्याच्यासाठी पुन्हा दूध नासवायचे नसते. याच अध्यायात पुढे प्रत्यक्ष लाकडाचेच उदाहरण येते. यज्ञाचा यूप, म्हणजे पशू बांधायचा खांब, तासताना जी पहिली ढलपी पडते तिला स्वरु म्हणतात. तिचा यज्ञात उपयोग आहे, परंतु ती मिळावी म्हणून वेगळे झाड तोडायचे नाही, कारण ती यूपाबरोबर निपजणारी वस्तू आहे.

मोडल्या घराच्या लाकडावरून होणाऱ्या मिळकतीची कसोटी येथे तयार मिळते, आणि ती वरवरच्या शुभाशुभापेक्षा कितीतरी कडक आहे. घर त्याच्या स्वतःच्या कारणाने उतरवले जात असेल, भिंत खचली म्हणून, वाटण्या झाल्या म्हणून, रस्ता रुंद होतो म्हणून, आणि त्यातून लाकूड निघत असेल, तर ते लाकूड वाजिन आहे. त्यावर होणारी मिळकत वेचणाऱ्याची मिळकत आहे. पण जुन्या चौकटींना शहरातील सजावटीत भाव येऊ लागला, आणि त्या भावामुळे ठेकेदार एखाद्या वृद्ध मालकिणीला घर उतरवण्याचा आग्रह करू लागला, किंवा नांदत्या घराचे कोरीव दार उतरवून तेथे पत्र्याचे दार बसवले गेले, तर लाकूड प्रयोजक झाले, आणि घर मोडणे हे त्याचे साधन बनले. वस्तू तीच, कारागीर तोच, भावही तोच. केवळ कशासाठी काय घडले हा क्रम उलटला आणि व्यवहाराचे धर्मस्वरूप बदलले. पुनर्वापराचे आजचे समर्थक वृक्ष वाचतो, कचरा कमी होतो, एवढ्यावर हिशेब थांबवतात. तो हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे, कारण मागणी वाढली की टाकाऊ वस्तूही कोणीतरी मुद्दाम टाकायला लावतो, ही शक्यता त्यात धरलेली नसते. कारागिराने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणूनच असा आहे: हे लाकूड कोणी विकत घेणार नसते, तरीही हे घर उतरवले गेले असते काय?

हा प्रश्न रायपुरात विचारताना माधवराव सप्रे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मराठी घरात जन्मलेले आणि आधुनिक हिंदी गद्याच्या शिल्पकारांत गणले जाणारे सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, आयुष्याचा मोठा भाग रायपुरात घालवला आणि तेथेच त्यांचे निधन झाले. १९०१ साली त्यांनी लिहिलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा नेमकी हिरावून घेतलेल्या घराच्या मातीविषयी आहे. एका जमीनदाराला आपल्या महालाचे आवार वाढवण्यासाठी शेजारच्या अनाथ विधवेची झोपडी हवी असते. तो न्यायालयातून ताबा मिळवतो. विधवा येऊन त्या जागेतील टोपलीभर माती मागते, आणि भरलेली टोपली उचलू लागण्याची विनंती त्यालाच करते. ती त्याला उचलवत नाही, आणि एवढी माती उचलत नसेल तर साऱ्या झोपडीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे ती त्याला विचारते. येथे माती ही विकाऊ वस्तू नाही, पण तिच्यावरचा हक्क आणि तिचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सप्रे यांनी दाखवून दिले. न्यायालयाचा निकाल जमीनदाराच्या बाजूचा होता. कागद शुद्ध होता. रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी उतरवलेल्या घरातील लाकूड विकत घेताना ठेकेदाराची पावती मिळते, तीही शुद्धच असते; तरी त्या घरातील भाडेकरू, धाकटा भाऊ, माहेरी आलेली बहीण यांपैकी कोणाला न विचारता ते मोडले गेले असेल, तर ती तुळई त्या टोपलीसारखी जड असते.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संहितेत, हा भेद काटेकोरपणे सांभाळलेला आहे. उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून शिवलेले चीवर, ज्याला पांसुकूल म्हणतात, ते भिक्षूच्या वस्त्रांत थोर मानले गेले. परंतु न दिलेले घेणे हा संघातून बहिष्कृत करणाऱ्या चार महापराधांपैकी एक आहे, म्हणून एखादी वस्तू खरोखर मालकाने सोडली आहे की केवळ पडलेली आहे, याचा निवाडा तेथे फार बारकाईने केला जातो. रायपुराहून फार दूर नसलेल्या सिरपूर येथील विहारांत एके काळी हेच नियम पाळले जात असतील. आधुनिक कायदाही वेगळ्या वाटेने याच संशयापाशी पोहोचतो: १९२७ च्या भारतीय वन कायद्यात लाकूड या संज्ञेत कापलेले, घडवलेले किंवा कोरलेले लाकूडही येते, आणि वनोपज कोणाचे असा वाद उपस्थित झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत ते शासनाचे आहे असे गृहीत धरण्याची तरतूद ६९ व्या कलमात आहे. म्हणजे जुन्या लाकडाच्या खरेदीचा कागद जपणे ही केवळ सावधगिरी नाही. वस्तू कोठून आली याचा जाब देता येणे हा तिच्यावरच्या हक्काचाच भाग आहे. या जबाबदारीत घर प्रत्यक्ष उतरवणारा मजूरही येतो. तुळई न फुटता खाली आणणे, खिळे एकेक करून उपसणे, चौकट अखंड सोडवणे या त्याच्या कौशल्यामुळेच लाकूड सरपण न होता लाकूड राहते; त्याला फक्त पाडकामाची मजुरी मिळते, आणि जपणुकीची किंमत पुढच्या हातात जाते. वेचणाऱ्याच्या पुण्यात पहिला वाटा त्याचा आहे, आणि तो पैशाच्या रूपानेच दिला गेला पाहिजे.

विक्रीच्या बाजूला सत्यानृतातील असत्याचा भाग शक्य तितका कमी करणे, हे कर्तव्य उरते, आणि येथे अवयवाच्या दोषाविषयी पूर्वी जे म्हटले ते कामी येते. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल मुरवलेले असते. असे लाकूड स्वयंपाकघरात, झोपण्याच्या जागी किंवा मुलांच्या खेळण्यात वापरण्याजोगे नसते, आणि चुलीत जाळण्याजोगे तर मुळीच नसते. जुन्या दारांवरच्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले, म्हणजे त्यापूर्वीचा थर घासताना उडणारी भुकटी कारागिराला आणि त्याच्या घरातील मुलांना बाधक ठरू शकते. परदेशातून आलेल्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठसा असतो; गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसची उष्णता सलग ३० मिनिटे देऊन कीड मारली असेल तर एक खूण असते आणि मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली असेल तर दुसरी, आणि या दुसऱ्या खुणेचे लाकूड घरात आणू नये. या उष्णतेच्या उपायातून एक नाजूक प्रश्न उद्भवतो, जो रायपुरातील मोठ्या जैन समाजाला सहज जाणवेल. जैन विचारानुसार वाळलेले लाकूड स्वतः अचित्त, म्हणजे निर्जीव असते, त्यामुळे ते पुन्हा वापरणाऱ्याला झाड तोडण्याच्या हिंसेचा नवा दोष लागत नाही. पण त्यातील भुंग्याची अळी सजीव असते, आणि लाकूड तापवणे म्हणजे तिला मारणे. पोखरलेले लाकूड घ्यायचेच नाही, घेण्यापूर्वी प्रत्येक छिद्र आणि खाली साचलेली भुकटी तपासायची, हा जैन साधूच्या प्रतिलेखनाशी, म्हणजे वापरण्याच्या वस्तूंची जीवजंतूंसाठी पाहणी करण्याच्या आचाराशी, जुळणारा मार्ग येथे धर्म आणि कसब या दोहोंच्या दृष्टीने उत्तम ठरतो.

याहून मोठे असत्य वयाचे असते. नवे लाकूड साखळीने ठेचून, जाळून, चहाच्या किंवा गंजाच्या पाण्याने काळवंडून जुने म्हणून विकण्याची कला आता सर्वत्र पसरली आहे, आणि जेथे वस्तूची किंमत तिच्या पूर्वायुष्यामुळे येते तेथे पूर्वायुष्य खोटे सांगणे ही चोरीच होय. उलट, ज्या चौकटीचे देवघर केले ती कोणत्या वस्तीतील, कोणत्या लाकडाची, तिच्यावर कोणता लेप होता, हे गिऱ्हाइकाला सांगणे हा पूर्वीच्या रहिवाशाविषयीच्या त्या जुन्या संकोचाचा आजचा विधी मानता येईल. ज्याला असे देवघर नको, त्याला ते नाकारण्याची संधी त्यामुळे मिळते; ज्याला हवे, तो जाणून घेतो. शास्त्रदृष्ट्या त्यात आडकाठी नाही. जे लाकूड एका घराचा उंबरा होते आणि ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहिले गेले, त्याला देवासमोर उभे राहण्याची योग्यता नाही, असे म्हणणे कठीण आहे.

शेवटी जोडमिळकतीचा प्रश्न. संतांनी धन जोडण्याचा निषेध केला नाही. ते चोख देवघेवीतून यावे आणि त्यात मन अडकू नये, एवढीच तुकोबांची अट आहे. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे आणि समर्थांच्या ‘दासबोधा’चे हिंदी रूपांतर ज्या सप्रे यांनी केले, त्यांना कर्म आणि प्रपंच यांचा संबंध तोडणे मान्य नव्हते; फळाची आसक्ती सोडून नेटाने काम करणे हा त्या दोन्ही ग्रंथांचा समान आग्रह आहे. परंतु मीमांसेची कसोटी मिळकतीलाही लागू पडते. पगार ही आमिक्षा आणि लाकडाची मिळकत हे वाजिन असेल, तोवर महिनाभर एकही तुळई हाती आली नाही तरी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच कारागिराला संशयास्पद लाकूड नाकारता येते. घराचा हप्ता किंवा मुलाची फी त्या मिळकतीवर अवलंबून झाली की नाकारण्याची ही मोकळीक संपते; मग लाकूड यायलाच हवे असते, आणि ते कोणत्या घरातून आले हे विचारणे परवडत नाही. याचा अर्थ जोडधंद्याचा मुख्य धंदा करू नये असा नाही. पूर्ण वेळ सुतार होणे हा ऋभूंचा मार्ग आहे आणि तो अधिक सरळ आहे. फक्त त्या मार्गाने जाणाऱ्याने वेचणाऱ्याचे नाव सांगू नये, तर वनविभागाच्या काष्ठागारातून लिलावात लाकूड घ्यावे, त्याची पावती व वाहतुकीचा परवाना जपावा, आणि विकताना हे लाकूड नवे आहे असे सांगावे.